डावीकडची पायरी

मानवजातीचा खरा उद्धार चाकाने केला नाही, तिसऱ्या चाकाने केला, असं मिस्त्रीचं ठाम मत होतं. दोन चाकांवरचा माणूस सदा पडायच्या भीतीत असतो, चार चाकांवर बसला की त्याला मस्ती येते. तीन चाकांवर मात्र माणूस माणसासारखा बसतो. तीन पायांची वस्तू कधी डगमगलेली कुणी पाहिली असेल तर त्याने खुशाल पुढे यावं, असं आव्हान तो वर्कशॉपच्या दारात बसून, चहाचा कप झेंड्यासारखा उंच धरून, रिकाम्या रस्त्याला देत होता.

पुढे आला तो दूधवाला. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, शर्टाची एक बाही बेपत्ता होती, आणि मागून दोन माणसं मिस्त्रीनेच बनवलेली तीनचाकी ढकलत आणत होती. तिचं हँडल मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं एकीकडे बघत होतं.

"आलो पुढे," दूधवाला म्हणाला.

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "कुठे पलटली?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच वळणावर. हायवे सोडून डावीकडे तुमच्या घराकडे वळतो ना, तिथे. कॅन भरलेले. सगळं दूध रस्त्याला पाजलं."

"जोरात असशील."

"दूध घेऊन कोण जोरात जातं? लोणी काढायचंय का मला?" दूधवाला दारातच बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. वळताना डावी बाजू एकदम हलकी झाली. म्हणजे कशी? मागे कुणीतरी उभं होतं, आणि ते उतरलं."

चहावर माशी बसली. मिस्त्रीने ती हाकलली नाही.

"थोरले उतरले," दूधवाल्याने निकाल दिला. "घराचं वळण आलं, उतरले. त्यांची सवयच ती."

थोरला म्हणजे मिस्त्रीचा मोठा भाऊ. मागच्या पावसाळ्यात साध्या तापाने गेला. अंगणातल्या खाटेवर, सगळे समोर असताना, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत थांबला नाही. दोघं भाऊ मिळून तीनचाक्या बनवत. जुन्या मोटरसायकलचं मागचं धड कापायचं, त्या जागी भंगारातल्या मोटारीचा आस, दोन चाकं, दोन्ही बाजूंना धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी, आणि वर पत्र्याचा हौदा. कापायचं आणि जोडायचं धाकट्याने. कुठे चुकलंय ते सांगायचं थोरल्याने. मागे डाव्या बाजूला एक पायरी असे. नवी गाडी निघाली की थोरला त्या पायरीवर उभा राही, एका हाताने हौद्याची कड धरी, आणि गिऱ्हाईक सरावेपर्यंत त्याच्याबरोबर गावभर फिरे. डावं वळण आलं की बाहेर झुके, अगदी जमिनीला हात लावील असा. आणि घराच्या वळणावर गाडी थांबायच्या आधीच उतरून चालायला लागे. गिऱ्हाईक बोलतंच राही, मागे वळून बघे तर पायरी रिकामी.

"वीटवाल्याचीही गेल्या आठवड्यात तशीच कलंडली," दूधवाला म्हणाला. "तो बोलला नाही, कारण त्याचं त्याच्या बायकोशी भांडण होतं आणि त्याला वाटलं शाप तिचा. पण मी त्याला विचारलं, डावी बाजू हलकी झाली का? म्हणाला, झाली."

"विहिरी आटल्यात, लोकांची डोकीही आटलीत," मिस्त्री म्हणाला. पण त्याच्या पाठीवरून काहीतरी गार खाली गेलं, आणि भर उन्हाळ्यात ते गार वाटणं त्याला वाईट वाटलं नाही, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

घरी ही बातमी मिस्त्रीच्या आधी पोहोचली होती. आई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. तिला एका कानाने ऐकू येत नसे, आणि कोणत्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवी.

"उतरणारच तो," ती म्हणाली. "लहानपणीसुद्धा कुठे न्यावं तर घराचं वळण दिसलं की कडेवरून उडी."

"अहो आई, मग बसतात तरी कुठून?" मिस्त्रीची बायको चुलीवरून म्हणाली. "दूधवाला येतो त्या वाटेला आपलं कोण आहे?"

"हिंडत असेल. त्याला कोण विचारणार?"

वहिनी, थोरल्याची बायको, न्हाणीपाशी कळशीच्या तळाचं गढूळ पाणी फडक्यातून गाळत होती. तिने मान वर केली नाही. ती फक्त म्हणाली, "भावजी, माझी गाडी कधी होतेय? सोमवारी सुरुवात आहे."

कारण खरं घोडं तिथे अडलं होतं. गावच्या विहिरींनी त्या वर्षी तळ दाखवला होता. शाळेला आणि दवाखान्याला तलावावरून पाणी आणून द्यायचं काम वहिनीने मागून घेतलं होतं. ट्रॅक्टरवाला ते काम घ्यायला टपून बसला होता आणि "बाईमाणूस दोन दिवसांत बसेल" असं चारचौघांत म्हणत होता. वहिनीने ते ऐकलं होतं. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी वावरत होती. कुणी काही म्हणत नव्हतं, पण पायाला कळत होतं. ही गाडी झाली की तिचं स्वतःचं काहीतरी होणार होतं. आणि तलावावरून यायचं म्हणजे त्याच वळणावर, डावीकडे वळूनच यायचं. हौद्यात भरलेली पिंपं घेऊन. दूध सांडलं तर दूध सांडतं. पाण्याची पिंपं अंगावर आली तर बाई शिल्लक राहत नाही.

"होईल," मिस्त्री म्हणाला. "जरा तपासून देतो."

त्याने दूधवाल्याची गाडी तपासली. वेल्डिंगचे टाके नखाने खरवडून पाहिले, बेअरिंग फिरवून कान लावला, टायरची हवा पाहिली, आस सरळ आहे का ते दोरी ताणून पाहिलं. सगळं ठीक. गाडीखाली उताणा पडून त्याने सवयीने डावा हात बाहेर काढला आणि पंजा उघडला. त्या पंजात थोरला पान्हा ठेवत असे. मागावा लागत नसे, आणि नंबर चुकत नसे. पंजा उघडाच राहिला. बऱ्याच वेळाने त्यात बायकोने चहाचा पेला ठेवला आणि त्याला चटका बसला.

"पान्हा कुठाय?" तो ओरडला.

"मला काय माहीत? हात काढलात, मला वाटलं चहा."

हँडल सरळ करून तो ती गाडी घेऊन एकटाच निघाला. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डांबर मऊ होऊन टायरला चिकटत होतं आणि सुटताना चुकचुकत होतं. हायवेवरून डावं वळण आलं. त्याने हँडल फिरवलं, आणि मागे, डावीकडे, अंगावरून कुणी हात काढून घ्यावा तशी गाडी हलकी झाली. डावं चाक रस्ता सोडतंय हे त्याला कंबरेत कळलं. हौदा उजवीकडे झुकला. त्याने ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि कसाबसा तोल सावरला.

इंजिन बंद पडलं. तापलेला पत्रा टिक टिक करत होता.

"दादा?" तो म्हणाला.

आता, चाळिशी उलटलेल्या, दोन माणसांना रोजगार दिलेल्या, तीन चाकांवर व्याख्यान देणाऱ्या माणसाने भर दुपारी रिकाम्या हौद्याकडे बघून असं म्हणणं शोभत नाही. मिस्त्रीलाही ते कळत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग गाडी वळवून पुन्हा हायवेला नेली, आणि पुन्हा त्याच वळणावर डावीकडे घातली. या वेळी जपून. पुन्हा ती बाजू हलकी झाली. पायरी सोडताना थोरला नेहमी टाचेने एक हलकासा झटका देई, तोच झटका. मिस्त्रीचे डोळे भरून आले. तो पुन्हा गेला. पुन्हा आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला, घसा कोरडा पडला, तरी तो येत होता आणि जात होता, आणि दर वेळी त्याचा भाऊ त्याच्या मागून उतरून घराकडे चालू लागत होता.

रिकामी कळशी घेऊन वहिनी कुंपणाशी उभी होती. तिने ते सगळं पाहिलं. मग आत गेली.

वहिनीची गाडी तयार झाली तेव्हा तीही थोरला गेल्यावर बनवलेल्या दूधवाल्याच्या आणि वीटवाल्याच्या गाड्यांसारखीच झाली. मिस्त्रीच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. गाडीला निळा रंग दिला होता. सरावासाठी त्याने हौद्यात पिंपं ठेवली, निम्मी भरून.

"एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "तुम्ही मोटरसायकल शिकलात दादाकडून. मोटरसायकल आपण वळवत नाही, झुकवतो; ती आपोआप वळते. ही झुकत नाही. हिला झुकवायला जाल तर ही सरळ जाईल आणि आपण खड्ड्यात. हिचं हँडल हाताने फिरवायचं. अंग आतल्या बाजूला टाकायचं. डावीकडे वळायचं तर डावं ढुंगण सीटवर..." तो अडखळला.

"कळलं, डावीकडे सरकायचं," वहिनी म्हणाली. "पुढे बोला."

"आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा. वळणात ब्रेक नाही."

"आणि डावी बाजू हलकी झाली तर?"

मिस्त्रीने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. नीट बसेना म्हणून पुन्हा लावलं.

"तर काय करायचं, भावजी?"

"घाबरायचं नाही," तो म्हणाला. "घरचंच माणूस आहे."

वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की आतून बघणाऱ्या बायकोने पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू ते तिलाही कळलं नाही.

वहिनी अंगणाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी चालवून आली. दमाने गेली, दमाने आली. उतरली आणि आल्या वाटेकडे बघत उभी राहिली. धुळीत पिंपांतून सांडलेल्या पाण्याच्या दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या, एक जातानाची, एक येतानाची. दोन्ही उजव्या चाकाच्या बाजूला. डाव्या चाकाकडची धूळ कोरडी ठणठणीत.

"पाणी एकाच बाजूने का सांडलं?"

"रस्ता उजवीकडे उतरता आहे."

"जाताना उजवीकडे उतरता, आणि येतानाही उजवीकडेच?"

वहिनीने घरातून परात आणली, हौद्याच्या मधोमध ठेवली, आणि पिंपातलं तांब्याभर पाणी तिच्यात ओतलं. पाणी उजव्या कडेला जाऊन बसलं. डावीकडे परातीचा तळ उघडा पडला.

"अंगण सपाट नाही," मिस्त्री म्हणाला.

"जाऊबाई, या जरा," वहिनीने हाक मारली. दोघींनी मिळून गाडी ढकलत उलट्या तोंडाने उभी केली. पाणी गाडीबरोबर फिरलं आणि पुन्हा गाडीच्या उजव्याच कडेला गेलं.

आता वहिनी खाली वाकली. पदर खोचला, धुळीत गुडघे टेकले, आणि हौद्याखाली डोकं घातलं. एका बाजूची कमान पाहिली, मग दुसऱ्या बाजूची. कमानीचे पाटे एकावर एक, भाकरीच्या चवडीसारखे. मोजायला अक्कल लागत नव्हती. डावी चवड जाड होती.

"डावीकडे एक पाटा जास्त आहे."

"असतोच."

"कशाला?"

"पहिल्यापासून असतो. डावीकडे जास्त वजन..." त्याचा आवाज वाटेतच कुठेतरी राहिला.

"कुणाचं वजन?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीच्या कमानी बसवल्या की धाकटा सीटवर बसे, थोरला डाव्या पायरीवर उभा राही, आणि मग हौदा समतोल आहे का ते पाहत. नसला तर डावीकडे एक पाटा वाढवत, म्हणजे ती बाजू वर उचलली जाई. पायरी होती म्हणून पाटा होता. लोकही त्या पायरीवर कुणाला ना कुणाला उभं करत. पायरी दिसली की माणूस उभा राहतोच. जुन्या गाड्या म्हणून कधी कलंडल्या नव्हत्या.

"पायरी कुठाय?" वहिनीने विचारलं.

"काढली."

"कधी?"

"दादा गेल्यापासून बसवत नाही."

"का?"

मिस्त्री तिच्याकडे न बघता ग्राइंडरच्या वायरचा पीळ काढू लागला. "तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं बघवणार नाही म्हणून."

"आणि पाटा?"

"पाटा..." तो म्हणाला. "पाट्याकडे लक्षच नाही गेलं. हात आपोआप घालतो."

"नाही," वहिनी म्हणाली. "लक्ष गेलंय. परवा दुपारी तुम्ही वळणावर फेऱ्या मारत होता. मिस्त्री आहात तुम्ही. पहिल्या फेरीत कळलं असेल."

बायको दारातून पुढे आली. "जाऊबाई, असू द्या..."

"काय असू द्या? सोमवारी त्या वळणावर मी पिंपांखाली गेले असते, तर काय म्हणाला असतात? दादाने बोलावून घेतलं? आणि आई म्हणाल्या असत्या, जोडा पुन्हा जुळला?"

आई शेंगा फोडायची थांबली. या वेळी दोन्ही कानांनी ऐकू आलं असावं.

मिस्त्री खाली बसला. धुळीतच. परातीकडे बघत राहिला. "पाटा काढायला वेळ लागत नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला. "पण मग तो उभा कुठे राहील?"

परातीतलं पाणी वहिनीने पुन्हा पिंपात ओतलं, एक थेंब न सांडता. मग त्याच्या शेजारी बसली, दीर-भावजयीच्या रीतीपेक्षा जरा जवळच.

"मी त्या खोलीत झोपते, भावजी," ती म्हणाली. "त्यांची खाट तिथे आहे, शर्ट खिळ्याला आहे. रोज दिवा लावताना बघते. तिथेसुद्धा ते नसतात. तुमच्या कमानीत कुठून असणार?"

"मला जाणवतो."

"तुम्हाला पाटा जाणवतो."

दुपारभर मग काम चाललं. अंगणातला पत्रा इतका तापला होता की पान्हा फडक्यात धरावा लागत होता. कमान आसाला आवळून धरणारे बोल्ट मिस्त्रीने स्वतःच असे आवळले होते की जणू ते कधी सोडायचेच नव्हते. त्याने पान्ह्यावर पाइप चढवला, पाइपवर स्वतः लटकला, बोल्ट हलेना. बायको जॅकजवळ बसून "पडेल हो, पडेल हो" म्हणत होती. वहिनी पाइपाच्या टोकाला दोन्ही हातांनी लटकली. बोल्ट किंचाळला. मिस्त्रीच्या दाताला कळ गेली. गाडीखाली सरकून त्याने डावा हात बाहेर काढला, पंजा उघडला, आणि चूक लक्षात येऊन तो मिटणार तोच त्यात पान्हा पडला. नंबर चुकीचा होता.

"मोठा," तो आतून म्हणाला.

"हा?" वहिनीचा आवाज.

"त्याहून लहान."

"एकदा काय ते ठरवा."

पाटा सुटून जमिनीवर पडला तेव्हा मोठा आवाज झाला आणि गाडी डाव्या बाजूला टेकली, उसासा टाकल्यासारखी. उंबऱ्यावरून आईने विचारलं, "कोण आलं रे?" मिस्त्री आसाखालीच पडून राहिला. तेल आणि गंज डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसतोय असं त्याने न विचारताच सांगितलं.

पाटा काढून भागत नव्हतं, आणि आता एकदा डोळे उघडल्यावर त्याला सगळंच दिसायला लागलं. थोरला वळणावर बाहेर झुकून जे काम अंगाने करत होता, ते आता लोखंडाने करायला हवं होतं. त्याने हौदा खाली घेतला, इतका की पिंपं आसाला जवळजवळ टेकली. चाकं एकमेकांपासून लांब सरकवली. पिंपं मागे नेली तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल फिरवूनही गाडी वळत नाही, म्हणून ती आसाच्या पुढे बांधली. आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या कमानींना जोडणारा एक पोलादी दांडा आडवा बसवला. एक बाजू दबायला लागली की दांडा पिळला जाऊन दुसऱ्या बाजूलाही खाली खेचतो, एकट्या बाजूला झुकू देत नाही. हे सगळं तो बोलत बोलत करत होता, आणि मधूनच थांबून डावीकडे बघत होता. कुठे चुकलंय ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. म्हणून त्याने प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा मापली.

दुसऱ्या दिवशी तो वीटवाल्याची गाडी दुरुस्त करून आला, आणि मग हत्यारांची पिशवी घेऊन दूधवाल्याकडे गेला. हँडल सरळ करून परत दिलेल्या गाडीचा पाटा त्याने गोठ्याच्या तोंडाशी उकिडवा बसून काढला. म्हैस शेपटीने त्याच्या कानाखाली वाजवत होती. दूधवाला खाटेवर बसून हात गळ्यात घेऊन देखरेख करत होता.

"म्हणजे थोरले नव्हते?"

"नव्हते. पाटा जास्त होता. चूक माझी."

दूधवाल्याचं तोंड पडलं. "मिस्त्री, हे दुसऱ्या कुणाला सांगितलंत का?"

"वीटवाल्याला सांगितलं. का?"

"अहो, मी सासुरवाडीपर्यंत कळवलंय! लोक लांबून बघायला येतायत. कालच सासरा म्हणाला, जावई भुताच्या गाडीवरून वाचला. उभ्या जन्मात त्याने मला बसायला पाट दिला नव्हता, काल दिला. आता काय सांगू, लोखंडाच्या पट्टीमुळे पडलो?"

"खरं ते सांग."

"खरं सांगून कुणी पाट देतं का? तुम्ही गाडी करा दुरुस्त, नाही म्हणत नाही. पण थोरल्यांना राहू द्या. तुमचं काय जातंय?"

मिस्त्री पान्हा हातात धरून थांबला. काल हेच तो स्वतः म्हणत होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते भलतंच स्वस्त वाटलं.

"आमचा माणूस आहे," तो म्हणाला. "तुझ्या सासऱ्यासाठी नाही उभा राहणार तो." आणि बोल्ट आवळला. म्हशीने पुन्हा कानाखाली वाजवली.

सोमवारी सकाळी वहिनी तलावाकडे गेली. मिस्त्री म्हणाला होता, मी मागे बसतो. ती म्हणाली होती, मग पुन्हा डावीकडे पाटा घालावा लागेल. त्यामुळे तो वळणावर जाऊन उभा राहिला. ऊन अजून तिरपं होतं, पण वारा पडला होता. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरवाला उगाचच टायरवर लाथा मारत होता, म्हणजे तोही बघायला आला होता. वाळलेल्या दुधाचा पांढरट डाग डांबरावर अजून होता आणि त्याच्यावर मुंग्या.

निळी गाडी लांबून दिसली. इंजिनाचा आवाज जड होता. पिंपं गळ्यापर्यंत भरलेली. वहिनीने वळणाच्या बरंच आधी वेग कमी केला. सीटवर डावीकडे सरकली. पदर घट्ट खोचलेला, ओठ दाताखाली. आणि ती डावीकडे वळली.

मिस्त्री फक्त मागचं डावं चाक बघत होता. त्याला माहीत होतं, आता. आता उतरेल. त्याची पाठ त्या गारव्याची वाट बघत ताठ झाली. हौदा किंचित उजवीकडे दबला, दांड्याने डाव्या बाजूलाही बरोबर ओढलं, पिंपांतलं पाणी एकदा कडेला आलं आणि परत गेलं. चाक रस्त्यावरच होतं. वळणभर रस्त्यावरच राहिलं. कुणी उतरलं नाही. कुणी नव्हतंच.

ट्रॅक्टरवाला टायरला एक शेवटची लाथ मारून निघून गेला.

मिस्त्रीला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या आत कुठेतरी एक जागा एकदम रिकामी झाली. भाऊ गेला त्या दिवशी अंगणात सगळे रडत होते तेव्हा तो पाण्याचा तांब्या हातात धरून नुसता उभा होता. नंतरही रडला नव्हता. काम होतं, पाहुणे होते, आणि मग गाड्या होत्या. आता रिकाम्या रस्त्यावर, डोक्यावर ऊन घेत, तो तोंडावर हात धरून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. आजूबाजूला कुणी नव्हतं. वाराही नव्हता. दादा गेला होता, आणि तो पहिल्यांदाच खरोखर गेला होता.

गाडी पुढे जाऊन थांबली. वहिनी उतरली, गाडीच्या मागे गेली, तिथे वाकली. मग सरळ होऊन तिने त्याच्याकडे पाहिलं; बराच वेळ पाहिलं. तिचेही डोळे लाल होते, पण ते चालत्या गाडीवरच्या वाऱ्याने झालेले असू शकतात.

"भावजी," तिने हाक मारली.

त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "काय?"

"मागच्या पिंपाची तोटी गळतेय. मी चिंधी शोधते, तोवर जरा बोट लावून धरता का?"